जुन्या रायफल-पुस्तिकांतली चित्रं छापायची आहेत : परवानगी कुणाची, श्रेय कुणाला?

खजुरी_बाजार (इंदूर)

नमस्कार मंडळी. होळकर संस्थानच्या पायदळाच्या हत्यारांवर मराठीत साधारण ८० पानांची पुस्तिका तयार होते आहे. छपाई इंदुरातच, ३०० प्रती, किंमत नाममात्र. वर्षभराने पीडीएफ नेटवर सगळ्यांना खुली. मजकूर तयार आहे, गाडी अडली आहे ती चित्रांपाशी.

हाताशी आहे ते असं. वॉर ऑफिसची, म्हणजे ब्रिटिश लष्करी खात्याची, १९४२ ची ‘स्मॉल आर्म्स ट्रेनिंग, खंड १, पुस्तिका ३, रायफल’. हिच्या मुखपृष्ठावर ‘प्रसिद्धीसाठी नाही’ अशी ताकीद आहे आणि ‘क्राउन कॉपीराइट रिझर्व्ह्ड’ही, म्हणजे हक्क ब्रिटिश सरकारकडे राखीव. याच विषयावरची रोमन उर्दूतली, दिल्लीच्या सरकारी छापखान्यातली १९४३ ची एक. ऑल्डरशॉटच्या गेल अँड पोल्डनने छापलेली, एका अधिकाऱ्याचं नाव असलेली छोटी पुस्तिका. तुलनेसाठी अमेरिकन लष्कराची एफएम (फील्ड मॅन्युअल) २३-१०, म्हणजे स्प्रिंगफील्ड १९०३ या रायफलीची, पीडीएफच फक्त. महूच्या रद्दीतून आलेली ७.६२ एसएलआरची (सेल्फ-लोडिंग रायफलची) पुस्तिका, साल १९७० नंतरचं, वर ‘रिस्ट्रिक्टेड’. आणि ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलीचे सुटे भाग उलगडून दाखवणारं एक मोठं चित्र, एका लिलाववाल्यांच्या साइटवरून घेतलेलं, त्यावर त्यांचा वॉटरमार्क.

यातलं काय बेधडक छापता येईल? इंग्रजी नावं पुसून भागांना मराठी नावं घातली तर चालेल का? आणि श्रेयाची ओळ नेमकी कशी लिहायची?

छापील_नोंद (वडोदरा)

आधी दोन हिशेब वेगळे करा. कॉपीराइटची मुदत उरलेल्या चित्राखाली कितीही नम्रपणे ‘साभार’ लिहिलं तरी परवानगी मिळत नाही, आणि मुदत संपलेल्या चित्राला परवानगी लागत नसली तरी ते कुठून आलं हे वाचकाला कळलंच पाहिजे. दिवाळी अंकांत ‘साभार : इंटरनेट’ ही ओळ सर्रास दिसते. ती श्रेयही नाही आणि परवानगीही नाही.

निर्णय चित्राकडे बघून होत नाही, पुस्तिकेच्या मुद्रण-नोंदीवरून होतो. म्हणून प्रत्येक पुस्तिकेचं मुखपृष्ठ, आतलं शीर्षक-पान आणि शेवटचं पान, या तिन्हींचे फोटो आधी काढून ठेवा. ब्रिटिश सरकारी छपाईत पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : वॉरंट क्रमांक, छापलेल्या प्रती, महिना-वर्ष, छापखान्याची आद्याक्षरं. त्यात ‘४/४२’ दिसलं तर एप्रिल १९४२. पुष्कळदा मुखपृष्ठावर एक साल आणि तळाशी दुसरं, कारण ते पुनर्मुद्रण असतं. ‘१९०९, दुरुस्त्यांसह पुनर्मुद्रण १९१४’ अशी नोंद असेल तर जुन्या मजकुरासाठी १९०९ आणि वाढवलेल्या भागासाठी १९१४ धरायचं. मुदत जेमतेम संपत आलेल्या पुस्तिकेत हा फरक महागात पडतो. तुमच्या १९४२ वालीत पडत नाही.

आता एकेक. भारतात सरकारी कामाची मुदत कॉपीराइट कायद्याच्या कलम २८ प्रमाणे : प्रसिद्धीच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं. म्हणजे १९४३ ची रोमन उर्दू पुस्तिका २००३ अखेर मोकळी झाली. भाषांतर भारत सरकारने केलेलं म्हणून ते वेगळं काम मोजायचं. आतल्या आकृत्या मात्र बहुधा लंडनच्याच ठशांवरून आलेल्या असतात, त्यांचा मूळ स्रोत वॉर ऑफिस.

१९४२ च्या पुस्तिकेला ब्रिटनमध्ये क्राउन कॉपीराइट, प्रसिद्ध झालेल्या कामाला ५० वर्षं, म्हणजे १९९२ अखेर. क्राउन कॉपीराइट संपला की तो जगभर संपला असं तिथल्या स्टेशनरी ऑफिसनेच, म्हणजे सरकारी प्रकाशन खात्यानेच, जाहीर केलेलं आहे, त्यामुळे त्या बाजूने कटकट नाही. कटकट आहे ती ‘प्रसिद्धीसाठी नाही’ या ओळीची. ५० वर्षांचं घड्याळ प्रसिद्धीपासून चालतं. जे लोकांसाठी प्रसिद्धच झालं नाही अशा क्राउन कामाला तिथे १२५ वर्षं धरतात, म्हणजे थेट २०६७. अशी ताकीद असलेली पुस्तिका छापून हजारो शिपायांना वाटली, ही ‘प्रसिद्धी’ की नाही, यावर वाद घालता येतो. त्या पुस्तिकांवरून आज कुणी दाव्याला उभं राहील असं मला वाटत नाही. पण सोपा रस्ता असताना हा वाद अंगावर घ्यावा कशाला? ज्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर किंमत छापली आहे ती उघडपणे विकली गेलेली असते. बोल्टची, मॅगझिनची, नेम धरण्याची तीच चित्रं अशा आधीच्या पुस्तिकेत मिळाली तर तिच्यातूनच घ्या.

गेल अँड पोल्डनचं बघून भले भले फसतात. नाव लष्करी, ठिकाण ऑल्डरशॉट, रंगरूप सरकारी पुस्तिकेसारखं, पण तो खासगी प्रकाशक. लेखकाचं नाव आहे म्हणजे मुदत त्याच्या मृत्यूपासून : भारतात ६० वर्षं, ब्रिटनमध्ये ७०. समजा तो १९७० मध्ये वारला, तर भारतात २०३० अखेरपर्यंत आणि ब्रिटनमध्ये २०४० अखेरपर्यंत हक्क शिल्लक. पुस्तिका १९१५ ची का असेना. मृत्यूचं साल ग्रंथालयांच्या सूचीत नावापुढे बरेचदा दिलेलं असतं, नाहीतर लंडन गॅझेटमधल्या नेमणुका आणि वर्तमानपत्री मृत्युलेख जुळवावे लागतात. लेखकाचं नाव नसेल, नुसतं ‘एक अधिकारी’ असेल, तर निनावी काम म्हणून भारतात प्रसिद्धीपासून ६० वर्षं, मात्र त्या मुदतीत खरं नाव उघड झालेलं नसलं पाहिजे. गेल अँड पोल्डनच्या काही पुस्तिकांत सरकारी आकृत्या ‘स्टेशनरी ऑफिसच्या परवानगीने’ घेतलेल्या असतात. त्या तेवढ्या वेगळ्या काढता येतात. अंगावर सूट, तोंडात पाइप अशा जाहिराती मागे असतात, त्या मात्र आणखी तिसऱ्याच मालकाच्या.

एफएम २३-१० अमेरिकन सरकारी नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेलं, त्यांच्या कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे तिथे त्यावर कॉपीराइटच नाही. हे कलम अमेरिकेपुरतं आहे, बाहेरच्या देशांत हक्क सांगायला त्यांना वाव आहे, पण एवढ्या जुन्या पुस्तिकेला आपल्याकडची ६० वर्षंही उलटून गेलीत. एकच बघा : पानावर एखाद्या कारखान्याचं ‘सौजन्य’ छापलेलं असेल तर ते चित्र सरकारी नसेल.

लष्करकर (ग्वाल्हेर)

वरच्या उत्तरात कायद्याचं बहुतेक आलं. एक पुरवणी जोडतो : श्रेय बरोबर आणि चित्राचं नाव चूक, असं या विषयात फार होतं.

शॉर्ट ली-एनफील्ड मार्क ३ हा १९०७ चा. त्याच्या उजव्या बाजूला मॅगझिनच्या तोंडावर सरकणारी चपटी पट्टी असते, तिला कट-ऑफ म्हणतात. पट्टी आत ढकलली की मॅगझिनमधल्या गोळ्या राखीव राहतात आणि एकेक गोळी हाताने भरावी लागते. डाव्या बाजूला लाकडावर लांब पल्ल्याच्या सामूहिक गोळीबारासाठी आकडे कोरलेली चकती. पहिल्या महायुद्धात उत्पादन झपाट्याने व्हावं म्हणून मार्क ३ स्टार आला, त्यात कट-ऑफ गेला, चकती गेली आणि मागच्या नेमपट्टीची आडवी फिरकीही गेली. १९०९ च्या नियमपुस्तिकेतली प्लेट (पानभर चित्र) छापून खाली ‘मार्क ३ स्टार’ लिहिलंत तर जाणकार पहिल्या नजरेत पकडेल. ली-एनफील्डचीच नंतरची नंबर ४ तर आणखी वेगळी : नळीचं तोंड पुढच्या टोपीच्या बाहेर डोकावतं आणि मागचा नेम बोल्टजवळ, भोकाचा. मार्क ३ मध्ये नळी टोपीशी जवळजवळ सपाट आणि मागची नेमपट्टी पुढे नळीवर.

मार्क ३ वगैरेंना ‘नंबर १’ हे नाव १९२६ पासूनचं. त्याआधीच्या पुस्तिकेतल्या चित्राखाली पुस्तिकेतलंच नाव लिहा आणि चालू नाव हवंच तर ते वेगळ्या वाक्यात द्या. श्रेयाच्या ओळीत मूळ शीर्षकाला हात लावायचा नसतो.

आणखी एक. सरकारी प्लेट नमुना दाखवते, होळकरांच्या शिपायाच्या हातातली रायफल नाही. खाली ‘होळकर फौजेची रायफल’ असं न लिहिता ‘या नमुन्याची रायफल’ लिहा. प्रत्यक्ष रायफलीचा फोटो देणार असाल तर उजव्या बाजूला, बोल्टच्या दांडीच्या मागे जो लोखंडी कडा दस्त्याला धरतो, त्यावरचा शिक्का वाचता येईल असा काढा. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या त्या काळच्या रायफलींवर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. ही राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मार्क, एवढं तिथे मिळतं. दुरुस्तीत भाग अदलाबदल झालेले असतात, म्हणून कट-ऑफ दिसला नाही एवढ्यावरून मार्क ठरवू नका. शिक्का बघा.

महू_नाका

एसएलआरच्या पुस्तिकेला हात लावू नका, एवढंच सांगायला आलो होतो, पण कारण सांगायला हवं.

ती १९७० नंतरची, म्हणजे साध्या ६० वर्षांच्या हिशेबानेही तिची मुदत संपलेली नाही. शिवाय कलम २८ चं घड्याळ पहिल्या प्रसिद्धीपासून सुरू होतं. ‘रिस्ट्रिक्टेड’ पुस्तिका लोकांसाठी प्रसिद्ध झालेलीच नसेल, तर ते घड्याळ सुरूच झालेलं नाही आणि जुनी होऊनही ती मोकळी होत नाही. त्याच कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलेला आहे. आणि हे झालं कॉपीराइटचं. गोपनीयतेचा शिक्का हा १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या अंगणातला विषय, तिथे ‘रद्दीत मिळाली’ हे उत्तर टिकत नाही. रद्दीवाला कागद विकतो, हक्क विकत नाही. पुस्तिका तुमच्या मालकीची असली तरी चित्रं तुमची होत नाहीत, हे बिनशिक्क्याच्या पुस्तिकांनाही लागू.

एसएलआर दाखवायचीच असेल तर महूच्या इन्फंट्री म्युझियमकडे फोटो घेण्याची आणि छापण्याची परवानगी लेखी मागा. दोन्ही शब्द अर्जात हवेत. ‘फोटो काढायला परवानगी’ एवढंच मिळालं तर छापण्याचा प्रश्न तसाच राहतो. अर्जात प्रती किती, किंमत आहे का, पीडीएफ नेटवर जाणार का, हे लिहा, नाहीतर पीडीएफच्या वेळी पुन्हा अर्ज. कारखान्याचं जुनं माहितीपत्रक वापरायचं असेल तर पत्ता बदललाय : ऑर्डनन्स फॅक्टऱ्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्यांत विभागल्या, ईशापूरची रायफल फॅक्टरी कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे आहे.

अशोकस्तंभ असलेलं मुखपृष्ठ आपल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घेऊ नका. २००५ चा राजचिन्हाचा कायदा आहे, आणि विकायच्या वस्तूवर तर नकोच.

खजुरी_बाजार (इंदूर)

मनापासून आभार. एसएलआर काढून टाकली. लिलाववाल्यांचं चित्र राहिलं. ते मुळात वॉर ऑफिसच्याच तक्त्याचं स्कॅन वाटतंय, मग वॉटरमार्क कापून वापरलं तर? आणि पीडीएफ विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चित्र-भांडारात, चढवायचा विचार आहे, तिथे काही वेगळं लागतं का?

छापील_नोंद (वडोदरा)

‘वाटतंय’ यावर छापू नका. दोन शक्यता आहेत. तक्त्याचं साधं स्कॅन असेल तर त्यात नवा कॉपीराइट जन्मत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केलं की नुसते कष्ट आणि खर्च पुरत नाहीत, थोडी तरी सर्जक भर लागते. पण संग्राहकांसाठीच्या अलीकडच्या पुस्तकांत असेच तक्ते नव्याने रेखाटलेले असतात, भाग वेगळ्या कोनात उलगडलेले, क्रमांक नवे. ते पूर्णपणे त्या चित्रकाराचं काम, आणि लिलाववाल्यांनी तेही कुठून तरी उचललेलं असू शकतं.

ओळखायची खूण : रेषांची जाडी सगळीकडे एकसारखी आणि कडा वस्तऱ्यासारख्या असतील तर संगणकावरचं रेखाटन. जुन्या लिथोत (शिळाछापात) शाई किंचित पसरलेली असते, अक्षरं हाताने काढलेली किंवा जुन्या टाइपाची, कोपऱ्यात प्लेटचा क्रमांक आणि बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नाव.

वॉटरमार्क कापू नका. जुनं स्कॅन ठरलं तरी साइटच्या अटी तुम्ही डाउनलोड करताना मान्य केलेल्या असतील तर तो करार वेगळा उभा राहतो. मूळ तक्त्याचं नाव शोधा आणि ग्रंथालयातून किंवा दुसऱ्या संग्राहकाकडून स्वतः स्कॅन मिळवा.

कॉमन्सवर मूळ देश आणि अमेरिका, दोन्हीकडे काम मोकळं असावं लागतं. इथे तुमच्या दोन पुस्तिकांच्या वाटा वेगळ्या होतात. वॉर ऑफिसची १९४२ वाली प्रसिद्ध धरली तर १९९२ अखेर मोकळी, म्हणून १ जानेवारी १९९६ रोजी अमेरिकेने जे परदेशी हक्क पुन्हा जिवंत केले त्यात ती येत नाही. दिल्लीची १९४३ ची मात्र त्या दिवशी भारतात कॉपीराइटखाली होती, कारण १९९१ च्या अखेरीस आपण मुदत ५० वरून ६० वर नेली. अमेरिकेत तिला प्रसिद्धीपासून ९५ वर्षं, म्हणजे २०३८ अखेर. भारतात छापा, भारतातल्या साइटवर ठेवा, हरकत नाही, पण कॉमन्सवाले ती फाइल उडवतील. भारत सरकारचं १९४० पर्यंतचं प्रकाशन यातून सुटतं, कारण ते मुदत वाढायच्या आधीच मोकळं झालं होतं. म्हणून पीडीएफची प्रत कॉमन्ससाठी वेगळी करा, रोमन उर्दूची पानं वगळून.

ऑफसेट_काका

स्कॅनचं मी सांगतो, श्रेयाची ओळ कुठे बसते तेही त्यातच येईल.

रेषाचित्र असेल तर १२०० डीपीआय, काळं-पांढरं. ग्रे मध्ये ३०० ने घेतलं तर ऑफसेटवर रेषा दातेरी येतात. छापील फोटो असेल तर तो ठिपक्यांचा असतो, तसाच स्कॅन करून पुन्हा ठिपक्यांत छापला की जाळी उमटते. ६०० ने ग्रे मध्ये घ्या, स्कॅनरचं डीस्क्रीन (ठिपके पुसणारी सोय) चालू करा, मग ३०० वर आणा. युद्धकाळातला कागद पातळ, मागच्या पानाची शाई पुढे दिसते. पानामागे पांढरा नाही, काळा कागद ठेवा आणि नंतर लेव्हल्सने पार्श्वभूमी उजळा. घडीचे तक्ते काचेखाली दाबले की घडीवर फाटतात. ते सपाट ठेवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून कॅमेऱ्याने टिपा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

मूळ टिफ फाइलला हात लावायचा नाही. तिच्या नावातच पुस्तिका, साल, पान घाला. फाइलच्या आत साठवता येणाऱ्या आयपीटीसी माहितीत निर्माता, स्रोत, श्रेय-ओळ आणि हक्काची स्थिती हे चार रकाने भरून ठेवा. आणि चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ही सगळी माहिती गळून पडते आणि डीटीपीवाल्याकडे ‘आयएमजी अमुक’ नावाच्या चाळीस फाइली उरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह द्या.

मराठी नावं खुशाल घाला, मुदत संपलेल्या चित्राला अडचण नाही. फक्त बदल केलाय हे सांगा. आणि इंग्रजी नावं पुसताना नावापासून भागापर्यंत जाणारी रेघ पुसली जाते, ती नंतर अंदाजाने ओढली की चाप आणि सेफ्टी कॅच यांची अदलाबदल होते. आधी रेघेच्या टोकाला आकडा टाका, मग नाव पुसा.

ओळ अशी : ‘आकृती : स्मॉल आर्म्स ट्रेनिंग, खंड १, पुस्तिका ३, रायफल (वॉर ऑफिस, लंडन, १९४२), पान अमुक, आकृती अमुक. क्राउन कॉपीराइटची मुदत संपलेली. स्कॅन : खासगी संग्रह, इंदूर. भागांची मराठी नावं नव्याने घातली, समास कापला.’ चित्राखाली एवढं मावत नाही. चित्राखाली सहा पॉइंटात ‘वॉर ऑफिस, १९४२’ एवढंच द्या आणि पूर्ण ओळ शेवटच्या पानावर पानक्रमाने. सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) या खुल्या परवान्यातलं आधुनिक छायाचित्र असेल तर छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं पूर्ण नाव आवृत्तीसकट, आणि परवान्याचा पत्ता छापील अक्षरांत. पीडीएफमध्ये निळी लिंक चालते, कागदावर बोट लावून काही उघडत नाही. परवान्यात ‘एनसी’ (व्यापारी वापर नाही) असेल तर ते चित्र घेऊच नका, तुम्ही किंमत लावताय.

दुसऱ्याच्या संग्रहातून स्कॅन मिळालं तर त्याचं नाव ‘स्कॅन’पुढे लिहा, ‘चित्र’पुढे नको. त्याने कागद जपला, चित्र काढलेलं नाही.

खजुरी_बाजार (इंदूर)

काका, श्रेयाचं पान एकच ठेवलंय आणि ओळी चाळीसच्या आसपास होतायत. दोन स्तंभांत सात पॉइंट बसेल का?

ऑफसेट_काका

बसेल. देवनागरी सात पॉइंटला वेलांट्या भरतात, म्हणून टाइप थोडा उघडा घ्या आणि ओळींत नऊ पॉइंटचं अंतर ठेवा. एकाच पुस्तिकेतली आठ-दहा चित्रं असतील तर शीर्षक एकदाच देऊन पुढे नुसते पान-आकृतीचे आकडे लिहा, ओळी निम्म्यावर येतील. प्लेट काढायला देण्याआधी तेवढं एक पान लेझरवर छापून बघा.